गाउट

रक्तातील युरिक ॲसिड दीर्घकाळ वाढलेले राहिल्याने सांध्यांत त्याच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक साचून होणारा दाहक संधिविकार. आयुर्वेदातील वातरक्ताशी त्याची बरीच लक्षणे जुळतात. पायाच्या मुळाशी सुरू होऊन उंदराच्या विषासारखा अंगभर पसरणारा विकार, असे वातरक्ताचे वर्णन आढळते. मात्र ती संज्ञा अधिक व्यापक असल्याने दोन्ही सरसकट एक मानता येत नाहीत. हा विकार पुरुषांत जास्त, तर स्त्रियांत बहुधा रजोनिवृत्तीनंतर दिसतो.

शरीरातील पेशी व अन्न यांतून येणाऱ्या प्युरिन द्रव्यांचे विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे एंझाइम त्याचे पुढे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. माणसात ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले. सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड लघवीवाटे, उरलेले आतड्यांवाटे जाते. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते स्फटिकरूपात साचू लागते. बहुतेक रुग्णांत दोष जास्त तयार होण्याचा नसून मूत्रपिंडांतून कमी बाहेर पडण्याचा असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. तेव्हा ‘खाण्यापिण्याचे चोचले नडले’ हे रुग्णाला ऐकवणे अन्यायाचेच. मूत्रपिंडविकार, लठ्ठपणा, दारू (त्यातही बिअर) आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनी धोका वाढतो.

पहिला झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो, आणि पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी. काही तासांत सांधा लालबुंद, गरम व चकचकीत सुजलेला होतो. चादरीचा स्पर्श सोसवत नाही. कोणी पलंगाला धक्का दिला तरी कळ येते. उपचार न करताही हा झटका एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि घात होतो तो इथेच. मधल्या काळात लावलेल्या तेलाला किंवा काढ्याला श्रेय मिळते, दुखणे विसरले जाते, स्फटिक मात्र साचतच राहतात. वर्षानुवर्षांनी कानाची पाळी, कोपर, बोटे यांवर खडूसारख्या पांढऱ्या द्रव्याच्या गाठी (टोफाय) येतात, सांधे झिजतात, मुतखडे होतात.

सांध्यातील द्रव सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की निदान पक्के होते. ही पद्धत मॅकार्टी व हॉलँडर यांनी १९६१ मध्ये मांडली. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबणे धोक्याचे. ऐन झटक्यात युरिक ॲसिड सामान्य भरू शकते; उलट रिपोर्टमध्ये ते वाढलेले दिसले, पण सांधा कधी दुखलाच नाही, तर तो गाउट नव्हे आणि बहुतेकांना त्यासाठी औषधही लागत नाही. सांधा सुजून थंडीताप भरला, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झटक्यात घरच्यांनी पाय उशीवर उंच ठेवावा, पांघरूण पायावर टेकू देऊ नये, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. चोळणे व गरम शेक टाळावा. कोल्चिसिन, वेदनाशामके किंवा स्टेरॉइड यांपैकी काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. मूत्रपिंडे कमजोर असलेल्याने मनाने वेदनाशामक घेऊ नये. कोल्चिसिनने जुलाब लागले तर लगेच कळवावे. झटपट गुण देणाऱ्या निनावी ‘वाताच्या पुड्यां’पासून दूरच राहावे, अशा औषधांत स्टेरॉइड मिसळल्याचे आढळले आहे.

खरा उपचार झटका सरल्यानंतरचा. वारंवार झटके, गाठी किंवा सांध्यांची झीज असेल, तर युरिक ॲसिड दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून तिथेच राखायचे असते. त्यासाठी मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल. ते विकसित करणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ते कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटके येऊ शकतात, म्हणून सोबत कोल्चिसिनची छोटी मात्रा देतात. ‘गोळीनेच दुखणे वाढले’ म्हणून ती सोडणारे रुग्ण याच टप्प्यावर हातचे जातात. अंगावर पुरळ उठले, तर मात्र गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पथ्याचा बाऊ आपल्याकडे फार होतो. कलेजी, गुर्दा, भेजा, लाल मांस, तारली-बांगड्यासारखे मासे, दारू व साखरेची शीतपेये कमी करावीत, हे खरे. पण आमटीतली डाळ, पालक, मटार बंद करण्यास आधार नाही. वनस्पतींतील प्युरिनमुळे गाउटचा धोका वाढल्याचे दिसत नाही. साय काढलेले दूध, दही, ताक तर उपयोगीच. वजन सावकाश उतरवावे. कडक उपवासाने आणि पाणी कमी पडल्याने झटका येऊ शकतो. शिवाय नेटाने पथ्य पाळूनही युरिक ॲसिड साधारण एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते, त्यामुळे गोळीची जागा पथ्य घेऊ शकत नाही.