खुलासा : सिकलसेल हे सोंग नाही, कायद्याने मानलेलं दिव्यांगत्व आहे

"दिसाले त धडधाकट हाय, कामाच्या टायमालेच कसं अंग दुखते?" गडचिरोली-गोंदियाकडे भाताच्या रोवणीच्या (लावणीच्या) दिवसांत सिकलसेल असलेल्या पोरीला हे बांधीत हमखास ऐकावं लागतं. त्यामागचा समज जुनाच: हात-पाय, डोळे शाबूत म्हणजे माणूस दिव्यांग नाही. हा समज साफ चुकीचा आहे.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही. दिवसभर गार पाण्यात वाकून राहिलं, अंगातलं पाणी कमी झालं की कळ उठू शकते. गुडघे, पाठ, छाती. बाहेरून फार तर पिवळसर डोळे दिसतात. अशा पोरीला आळशी म्हणणं मला सहन होत नाही.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात सिकलसेल स्पष्ट लिहिलाय. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. (नुसत्या वाहकाला, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेल्याला, हा आजार नसतो, त्याच्यासाठी हे प्रमाणपत्र नाही.)

नोकरीत मात्र अजून अन्यायच आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. ते घ्या, ही मागणी गावागावातून जायला हवी. आणि रोवणीत तिला बांधावर बसून पऱ्ह्यांच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या बांधू द्या, पाण्याचा गडवा जवळ ठेवा. यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहायची?