न बोलावलेल्यांची रंगभूमी : फ्रिंज महोत्सवांची पार्श्वभूमी, सांगली-साताऱ्याच्या अंगाने

फ्रिंज म्हणजे प्रायोगिक नाटक, असं आपल्याकडे सरसकट समजलं जातं. मूळ अर्थ वेगळा आहे, आणि तो ध्यानात घेतला तरच सांगली-साताऱ्याकडच्या इतिहासाशी त्याचं नातं कुठे जुळतं ते कळतं. फ्रिंजमध्ये नाटक कोणत्या शैलीचं आहे हा मुद्दाच नसतो. ते कुणी निवडलं, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर 'कुणीच नाही' असं असतं. नाव नोंदवायचं, जागा मिळवायची, ठरलेली रक्कम भरायची, की प्रयोग लागला. त्या यादीत प्रहसन, जादूचे खेळ, बाहुल्या, एकपात्री, अगदी पारंपरिक शोकांतिकाही असते.

शब्द आला स्कॉटलंडमधल्या एडिंबरोहून. 1947 साली त्या शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाने पोळलेल्या युरोपला कलेनं पुन्हा जोडावं, ही त्यामागची कल्पना. निमंत्रणं मोठ्या मंडळ्यांना गेली. पण आठ नाट्यसंस्था न बोलावताच आल्या: सहा स्कॉटिश, दोन इंग्लिश. मोठी नाट्यगृहं महोत्सवानं घेतलेली, तेव्हा त्यांनी मिळेल ती जागा धरली. कुणी छोटं सभागृह घेतलं, कुणी सिनेमागृहात बाहुल्यांचे खेळ लावले, तर एका मंडळीनं शहराबाहेर डनफर्मलिनच्या जुन्या मठात प्रयोग केला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकारानं लिहिताना अधिकृत महोत्सवाच्या 'फ्रिंज'वर, म्हणजे उपरण्याच्या कडेला दशा असतात तशा कडेवर, बरंच काही चाललंय असं म्हटलं. नाव तिथून चिकटलं.

पुढची दहा वर्षं व्यवस्था बसवण्यात गेली, आणि ती आजच्या कुठल्याही नवख्या आयोजकानं नीट पाहावी अशी आहे. आधी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कलाकारांसाठी स्वस्त जेवण आणि झोपायची सोय केली. मग सगळ्या प्रयोगांची मिळून एक छापील पुस्तिका निघाली. मग एकत्र तिकीटखिडकीचा प्रयत्न झाला. फ्रिंजची सोसायटी स्थापन झाली ती थेट 1958 मध्ये, आणि तिच्या घटनेतच लिहिलं गेलं की संस्था कार्यक्रमांची छाननी करणार नाही. क्रम पाहा: जेवण, पुस्तिका, तिकीट आणि सगळ्यात शेवटी समिती. आपल्याकडे समिती आधी होते आणि तिच्या बैठकांतच उत्साह संपतो.

ब्रिटनमध्ये तेव्हा नाटकांवर लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची सेन्सॉरशिप होती. ती 1968 च्या कायद्यानं उठली. त्याआधी 1963 साली एडिंबरोत उघडलेलं ट्रॅव्हर्स थिएटर खासगी क्लब म्हणून नोंदवलेलं होतं. सभासदांसाठीच्या प्रयोगाला जाहीर प्रयोगाचे नियम तसेच लागू होत नसत. फ्रान्समध्ये आव्हिन्योंच्या महोत्सवाला 1966 मध्ये आंद्रे बेनेदेत्तो यांनी आपला प्रयोग स्वतंत्रपणे लावून समांतर वाट काढली. तिला आज 'ऑफ' म्हणतात. कॅनडात एडमंटनला 1982 मध्ये फ्रिंज सुरू झाला, आणि तिथे मूळ नमुन्यात मोठा बदल झाला. एडिंबरोत जागा, दिवे, तंत्रज्ञ सगळं कलाकारानंच शोधायचं असतं, त्यामुळे जागामालकांचं राज्य आलं. कॅनडातल्या पद्धतीत आयोजक दालन आणि तंत्रज्ञ देतात, नोंदणी शुल्क घेतात, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात, आणि तिकिटाची मूळ रक्कम कलाकाराला देतात. छोट्या शहराला हाच नमुना झेपतो. एडिंबरोत 2019 साली 3,800 हून अधिक कार्यक्रम झाले. त्या गर्दीत राहण्याचा खर्चच कलाकाराचं कंबरडं मोडतो, ही तक्रार आता जुनी झाली आहे.

आता आपल्याकडे. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन सांगलीमुळे आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' रंगवलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजांनी त्याहून नेटकं काही करायला सांगितलं, अशी ही सुरुवात. म्हणजे हे आमंत्रणाचं, राजवाड्यातलं नाटक. फ्रिंजशी नातं सांगायचं तर पुढच्या टप्प्यात सांगावं लागतं. 1851 साली आप्पासाहेब गेले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्यांच्या नाटकाची बांधणीही अशा फिरतीला सोयीची होती: पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं प्रसंग धरून आयत्या वेळी बोलायची. पाठांतराची पूर्ण संहिता नव्हती. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्यांची दुरुस्ती पुढे रामदास पाध्यांनी करून त्या पुन्हा हलत्या-बोलत्या केल्या.

न बोलावलेल्यांची खरी परंपरा मात्र कृष्णाकाठच्या गावांत आहे. सत्यशोधक चळवळीनं तमाशाचा साचा उचलला आणि जलसा उभा केला. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, हा क्रम लोकांच्या ओळखीचा होता. आतला ऐवज बदलला: गौळणीतल्या थट्टेच्या जागी भटभिक्षुकीवर टीका, वगात सावकार आणि शेतकरी. 1919 ते 1921 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात हे जलसे जोरात होते. त्या वेळचा सातारा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग धरून. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. त्यामुळे जुन्या कागदांत 'सातारा' दिसलं तरी गाव वाळवा किंवा तासगाव तालुक्यातलं असू शकतं.

तमाशाचा मुलूखही हाच. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे 1920 साली जन्मले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. अण्णा भाऊंनी तमाशातला गणपतीचा गण काढून तिथे मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणलं, गौळण वगळली, आणि वगाला लोकनाट्य केलं. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या गावांत शाहीर निकमांसारख्यांचे पोवाडे रात्रीच्या सभांत होत. डफ, तुणतुणं, झांज-मंजिरी आणि तीन-चार गळे एवढाच सरंजाम. तो दोन पिशव्यांत मावायचा आणि पोलीस आले तर पाच मिनिटांत उठायचा. रंगभूमीच्या इतिहासात याला एक परिच्छेदही मिळत नाही, हे खटकतं.

यात्रेचं गणित एडिंबरोच्या सगळ्यात जवळ जातं. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या मोठ्या यात्रेत फडांचे तंबू लागतात. कोण चांगलं, हे कुठलीच समिती ठरवत नाही. तंबूबाहेर पुकारा, रोषणाई आणि आदल्या रात्रीचं नाव यावर गल्ला ठरतो. याला दुसरी बाजू सुपारीची: गावकरी ठरावीक रक्कम देतात, प्रेक्षकाला खेळ फुकट. सुपारीत फडाचा धोका कमी, पण मग काय दाखवायचं ते गावचे पुढारी सांगतात. उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आला तसा वगावर सरळ घाव बसला, कारण गण-गौळण, रंगबाजी आटोपून वग सुरू व्हायचा तोच मुळी रात्र चढल्यावर.

शहरी हौशी नाटकानं दुसरी वाट धरली, ती स्पर्धेची. राज्य नाट्य स्पर्धा 1954 साली सुरू झाली, पुण्याची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 मध्ये. सांगलीसारख्या केंद्रावरच्या मंडळींना या स्पर्धांनी मंच, दिवे आणि तारीख दिली. हे ऋण नाकारता येणार नाही. पण सत्तर वर्षांच्या सवयीनं नाटक परीक्षकासाठी बसवलं जाऊ लागलं. प्राथमिक फेरीत हरलेलं नाटक दुसऱ्यांदा उभं राहत नाही, नेपथ्य गोदामात जातं. दोन महिन्यांच्या तालमी आणि एक प्रयोग, हा हिशेब कोणत्याही नटाला घडवत नाही. नट घडतो तो सहाव्या-सातव्या प्रयोगाला.

पर्यायी जागेचा मराठीतला सगळ्यात मोठा दाखला छबिलदासचा. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार' या संस्थेनं 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं न परवडणाऱ्या नाटकांना तिथे सलग प्रयोग करता आले. कोलकात्यात बादल सरकारांनी 'तिसरी रंगभूमी' म्हणत प्रेक्षकांपासून चौकटीनं वेगळा केलेला कमानी रंगमंचच सोडला. दिल्लीत 1973 मध्ये जन नाट्य मंच उभा राहिला, ज्याचे सफदर हाश्मी 1989 च्या जानेवारीत पथनाट्य करताना झालेल्या हल्ल्यात गेले. या तिघांच्या कामात कला वेगवेगळी आहे. जागेचा प्रश्न मात्र तिघांनी आधी सोडवला.

सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेला बालगंधर्व नाट्यगृह, साताऱ्यात शाहू कलामंदिर. तिन्ही कमानी रंगमंचाची. पन्नास प्रेक्षकांचं नाटक तिथे लावलं की पहिल्या चार रांगा भरतात आणि मागचा काळोख नटाला गिळतो. फ्रिंजला लागतात ती छोटी दालनं: शाळेचं सभागृह, तालीमघर, जुन्या वाड्याची माजघराची ओळ, मंगल कार्यालयाचा वरचा मजला.

30 बाय 40 फुटांचं दालन धरा. खेळाला मागच्या पडद्यासकट 18 फूट, दार आणि ध्वनी-प्रकाशाच्या टेबलासाठी मागे 4 फूट. उरले 18, रांगेला 3 फूट दिले तर सहा रांगा. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फुटांची वाट सोडली तर एका रांगेत पावणेदोन फुटांच्या 13 खुर्च्या. एकूण 78. पण सपाट जमिनीवर तिसऱ्या रांगेपासून पुढचं काही दिसत नाही, आणि नट जमिनीवर बसला की तो नाहीसाच होतो. म्हणून पहिल्या दोन रांगा सतरंजीवर, मधल्या दोन खुर्च्यांवर, शेवटच्या दोन एक फुटी लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर. लेव्हल पायानं दाबून पाहायची. हलली तर पाचर ठोकायची, कारण शांत प्रसंगात तिचा आवाज संवादापेक्षा मोठा होतो.

विजेचं चुकतं ते नेहमी एकाच जागी. 16 अँपिअरच्या एका सॉकेटवर 230 व्होल्टला साधारण 3,680 वॅट मिळतात. हजार वॅटचे तीन पार दिवे लावले की संपलं. चौथा लावला किंवा त्याच वायरिंगवर कुणी चहाची विजेची किटली लावली की ऐन प्रसंगात अंधार. एलईडी पार दीड-दोनशे वॅटचे असतात, म्हणून छोट्या दालनाला तेच बरे. दिवे मंद-प्रखर करणारा डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच फेजवर घेतली तर स्पीकरमध्ये घुंऽऽ असा आवाज राहतो. दोन्हींना वेगळी फेज द्यावी. खिडक्यांना काळं कापड लावताना वरची तावदानं हमखास विसरली जातात आणि दुपारच्या प्रयोगाला काळोख होत नाही. पंखे बंद केले तर उकाडा, सुरू ठेवले तर आवाज. प्रयोगाआधी अर्धा तास पूर्ण वेगानं फिरवून मग हळू करणं हा त्यातल्या त्यात उपाय.

वेळेची शिस्त मात्र आपल्याकडे तयार आहे, आणि ती एकांकिका स्पर्धांनी दिली आहे. ठरल्या मिनिटांत नेपथ्य लावणं-काढणं कॉलेजच्या मुलांच्या अंगवळणी पडलेलं आहे. एका प्रयोगाला दीड तास धरावा: 15 मिनिटं मांडणी, 50 खेळ, 10 आवराआवर, 15 प्रेक्षकांची ये-जा. दुपारी 4 ते रात्री 10 मध्ये एका दालनात चार प्रयोग होतात. पहिला प्रयोग दहा मिनिटं रेंगाळला आणि तेच पुढे घडत गेलं, तर चौथ्याचा प्रेक्षक तीस मिनिटं जिन्यात उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. पन्नास मिनिटं झाली की दिवे लावायचे, नट कितीही रंगात असला तरी. हा नियम आधी कागदावर सही घेऊन सांगावा.

एका गोष्टीत मूळ फ्रिंज आणि महाराष्ट्र यांचं जुळत नाही. इथे जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. आयोजकांनी काही तपासायचं नाही असं ठरवलं तरी ही पायरी राहतेच. ज्यांचा खेळ आयत्या वेळच्या बोलण्यावर चालतो, त्यांची इथे अडचण होते. कीचकाच्या वधावरच्या सांगलीकर खाडिलकरांच्या नाटकावर 1910 मध्ये इंग्रज सरकारनं बंदी आणली होती, म्हणजे कागद आणि प्रयोग यांच्यातली ही ओढाताण इथल्या मातीला नवी नाही. व्यवहारात एवढंच करता येतं की नोंदणीची तारीख प्रयोगाच्या बरीच आधी ठेवायची आणि अर्जासोबतच प्रमाणपत्राची चौकशी करायची.

तारखा निवडताना एडिंबरोचा ऑगस्ट विसरावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या दालनात लाकडी लेव्हल आणि डिमर ठेवणं धोक्याचं. 5 नोव्हेंबर मनाला पटतो, पण त्या सुमारास कधी दिवाळी येते आणि हौशी मंडळी राज्य स्पर्धेच्या तालमीत गुंतलेली असतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, म्हणून शाळांची सभागृहं मिळत नाहीत. चैत्र लागला की जत्रा सुरू होतात, फड आणि ढोलकीवाले मोकळे नसतात. उरतो जानेवारी. स्पर्धेत एकदाच खेळून थांबलेली नाटकं तेव्हा ताजी असतात, नेपथ्य अजून मोडलेलं नसतं आणि संहिता आधीच प्रमाणित झालेली असते.