हँड-कट म्हणजे ट्रिम्ड नव्हे

माझ्या संग्रहात बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेची, त्याचा फोटो छापलेली दोन जुनी कार्डं आहेत. दोन्हींना कधीतरी कुणीतरी धारदार काहीतरी लावलेलं आहे. एकाला ग्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे कार्ड तपासून दर्जा ठरवणाऱ्यांनी, व्यवस्थित आकडा दिला. दुसरं ‘ऑल्टर्ड’, म्हणजे फेरफार केलेलं, असा शिक्का घेऊन घरी आलं. पहिलं मी किरकोळीत उचललं होतं आणि दुसऱ्यासाठी चांगले पैसे मोजले होते, त्यामुळे तेव्हा माझा जो जळफळाट झाला तो विचारू नका.

क्लेमेंटे पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा राइट फील्डर, म्हणजे उजवीकडचा क्षेत्ररक्षक. मूळचा प्युर्तो रिकोचा. कारकिर्दीत बरोबर ३००० हिट्स. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळलं. कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीने कित्येक वर्षं त्याच्या कार्डांवर ‘बॉब क्लेमेंटे’ छापलं. स्वतः त्याला ते नाव मुळीच आवडायचं नाही. अशा माणसाची नेहमीची कार्डं जमवून झाली की नजर आडवाटेच्या मालाकडे वळते. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरची, बबलगमच्या डब्याखालची, सॉसेजच्या पाकिटातली. आणि तिथेच हा घोळ सुरू होतो.

‘पोस्ट’ या सीरियल कंपनीने १९६१ ते १९६३ अशी तीन वर्षं खोक्यांच्या पाठीवर खेळाडू छापले, दर वर्षी २०० क्रमांकांचा संच. कार्डांची मागची बाजू कोरी, आकडेवारी पुढेच, फोटोखाली. घरात सीरियल संपलं की पोरांनी कात्री घ्यायची आणि रेघेवरून कापायचं, असाच कंपनीचा बेत होता. कारखान्याने हे कार्ड सुटं कधी केलंच नव्हतं. याला म्हणतात हँड-कट. कात्री लागली नसती तर ते कार्ड झालंच नसतं, खोकंच राहिलं असतं.

ट्रिम्ड कार्डाची गोष्ट उलटी. ते पाकिटातून पुरतं कापलेलं, तयार बाहेर आलं होतं. पुढे हाताळून कोपरे गोल झाले, कडा झिजल्या. मग कुणीतरी पोलादी पट्टी आणि पातं घेऊन केसभर कड उतरवली. कोपरे पुन्हा टोकदार, कार्ड पुन्हा ‘नवं’. गिऱ्हाइकाला न सांगता हे विकलं की ती फसवणूक झाली.

कंपनीच्या नावावर जाऊ नका. बझूका हे टॉप्सचंच बबलगम. त्याच्या डब्याच्या तळाशी छापलेली कार्डं हँड-कट, पण त्याच टॉप्सच्या पाकिटातलं कार्ड कापलेलं निघालं तर ट्रिम्ड. पाहायचं एवढंच की विकताना ते सुटं होतं की खोक्याचा भाग होतं.

हँड-कटमध्ये सगळा जीव त्या छापील रेघेत असतो. चारही बाजूंनी रेघ दिसत असेल तर आकडा मिळण्याची आशा. पोराचा हात हलला आणि कात्री रेघेच्या आत शिरली, तर बहुधा नुसतं ‘ऑथेंटिक’, म्हणजे माल खरा, पण आकडा नाही. माझ्या पोस्टच्या क्लेमेंटेची उजवी कड खालच्या बाजूला किंचित लाटेसारखी वळते. कुणी तरी सहा-सात वर्षांचं पोर जीभ बाहेर काढून कापत बसलं असणार. रेघ मात्र त्याने सोडली नाही, त्या पोराचे माझ्यावर उपकार आहेत.

यातली गंमत अशी, की रेघेबाहेर ऐसपैस कागद सोडून कापलेलं पोस्टचं कार्ड कुणी आज नीट रेघेवर आणलं, तर तक्रार कोण करणार? अख्खी जुनी खोकी विकत घेऊन आत्ता कापणारेही आहेत. साठ वर्षं टिकलेल्या खोक्याला आकड्यासाठी कात्री लावायला माझा हात तरी धजणार नाही.

ट्रिम्ड ओळखायला आधी पट्टी लागते, आणि तिथेही एक फसगत आहे. टॉप्सचं आजचं माप अडीच बाय साडेतीन इंच; ते १९५७ पासूनचं. क्लेमेंटेचं १९५५ चं आडवं रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, मोठं असतं, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. ते आजच्या मापाच्या कव्हरात सहज बसलं, तर आनंद नको, घाम फुटायला हवा. शिवाय जुनी यंत्रं सगळीच कार्डं एका मापाची कापत नसत, त्यामुळे जरा आखूड म्हणजे ट्रिम्डच, असंही नाही. म्हणून त्याच संचातलं एखादं स्वस्त, कुणाला नको असलेलं कार्ड शेजारी ठेवा आणि दहापटीच्या भिंगातून कडा बघा. कारखान्याची जुनी कड जराशी खरबरीत आणि कागदाच्या पृष्ठभागाइतकीच पिवळलेली असते. माझ्या त्या महागड्या कार्डाच्या तीन कडा तशाच होत्या. चौथी गुळगुळीत, पांढरीशुभ्र, आणि कोपऱ्याकडे जाता जाता आत कललेली. विकणाऱ्याने पुढचे-मागचे फोटो पाठवले होते. कडेचा एकही नव्हता, आणि मीही मागितला नव्हता.

तज्ज्ञांनाही हे चुकतं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड होतं टी२०६ या जुन्या संचातलं, बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, आणि त्याला मिळाला होता दहापैकी ८. आधी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांच्या मालकीचं असलेलं हे कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरना गेलं. ज्याने ते १९८५ मध्ये २५ हजार डॉलरना घेतलं होतं, त्या लिलावदार बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं, की कडा आपणच छाटल्या होत्या.

आता मी विकणाऱ्याकडून दोनच फोटो जादा मागतो, एक पट्टीला लावून आणि एक कडेचा. पोस्टच्या कार्डासाठी तेही नको, रेघ दिसली की पुरे.