पेलेटचा डबा महागला, सराव कसा चालू ठेवायचा?
१० मीटर एअर रायफल, एअर पिस्तूल आणि .२२ (काडतुसाची रायफल-पिस्तूल) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दुकानाच्या काउंटरवर पेलेटचा, म्हणजे एअर गनच्या शिशाच्या छऱ्यांचा, डबा ठेवला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला, "परत वाढले?" वाढले. दर खेपेला तेच उत्तर देऊन आम्हीही कंटाळलो, म्हणून हे पत्रक काढलं. यातलं निम्मं जरी मनावर घेतलंत तरी तुम्ही आमच्याकडून कमी माल न्याल. चालेल. सहा महिने धूमधडाक्यात नेमबाजी करून मग रायफल कपाटात टाकणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा, महिन्याला एकच डबा पण वर्षानुवर्षं नेणारं गिऱ्हाईक आम्हाला जास्त परवडतं.

भाव कशाचा वाढतो?

मॅच पेलेटच्या (स्पर्धेच्या दर्जाच्या) डब्यात बहुधा ५०० नग असतात. रायफलची एक पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची, म्हणजे अख्ख्या डब्यात शिसं २६५ ग्रॅम. पाव किलोला थोडंसं वर. तेव्हा "शिशाचा भाव तर उतरलाय, मग डबा महाग कसा?" या प्रश्नात फारसा दम नाही. तुम्ही पैसे मोजता ते पाचशेच्या पाचशे पेलेट्स एकसारख्या असण्याचे. नावाजलेल्या मॅच पेलेट्स जर्मनी, चेक प्रजासत्ताक अशा देशांतून येतात, त्यामुळे युरोचा दर, वाहतूक आणि आयात शुल्क हे सगळं त्या छोट्या डब्यावर येऊन बसतं.

.२२ ची गोष्ट निराळी. तिथे पितळ, प्रायमर (बारूद पेटवणारा मसाला) आणि बारूदही लागते. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत लोकांनी काडतुसांवर उड्या टाकल्या. ते निवळतंय तोवर २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोपातल्या कारखान्यांना लष्करी मागणी आली. त्याची झळ खेळाच्या काडतुसांनाही लागली. यात आपल्या हातात काहीच नाही. आपल्या हातात आहे ती आपली मोजणी.

आधी हिशेब, मग खरेदी

आठवड्यातून चार दिवस रेंजवर जाऊन रोज ६० शॉट मारले तर आठवड्याचे २४० होतात आणि महिन्याचे हजारावर. म्हणजे दोन डबे संपून तिसरा फोडावा लागतो. आता वही काढा आणि त्या साठातले शेवटचे वीस शॉट कसे गेले ते बघा. खांदा भरून आलेला, घरी जायची घाई, आणि "डबा फोडलाच आहे तर मारू" असं म्हणत मारलेले. आमच्या मते सगळ्यात महाग पेलेट्स त्याच. त्यांच्यातून चूक पक्की होते, वर तिचे पैसेही आपणच भरतो.

चारातले दोन दिवस फक्त ड्राय प्रॅक्टिस करा. पोझिशन, श्वास, साइट पिक्चर (नेम धरताना दिसणारं चित्र), ट्रिगर, फॉलो-थ्रू (शॉटनंतरही क्षणभर तसंच स्थिर राहणं), सगळं जसंच्या तसं, फक्त पेलेट नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर पिस्तूल धरून वीस मिनिटं ट्रिगर दाबा. मॅचच्या नियमात एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, तेवढं वजन ओढताना पुढची साइट हलते की नाही हे कोऱ्या भिंतीवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं टार्गेटवर दिसत नाही. टार्गेट समोर असलं की डोळा दहा गुणांच्या ठिपक्यामागे धावतो. महिन्याचा खर्च एका डब्यावर येतो आणि स्कोअर पडत नाही. उलट नव्या मुलांचा वाढलेलाच आम्ही जास्त वेळा पाहिलाय.

पण थांबा. नळी दुमडून भरायची स्प्रिंगची एअर गन पेलेटशिवाय कधीही चालवू नका. पुढे हवेची उशी नसल्यामुळे पिस्टन थेट आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही कामातून जातात. दुरुस्तीचा खर्च कैक डब्यांचा होतो. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफल-पिस्तुलाला ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती कशी लावायची ते दुकानात येऊन विचारा. .२२ ला रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागी) पिन आपटू देऊ नका, डमी म्हणजे नकली काडतूस वापरा. आणि घरी काहीही करायच्या आधी चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघा, दुसऱ्यांदा घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा.

महागडा डबा कुणाला लागतो?

रायफलवाल्याला जास्त, पिस्तूलवाल्याला कमी. कारण साधं आहे. १० मीटर रायफलच्या टार्गेटवरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि मॅचमध्ये गुण दशांशात मोजतात. पिस्तुलाचा दहा ११.५ मिलिमीटरचा आणि पात्रता फेरीत गुण पूर्णांकात. तेव्हा पिस्तूलवाल्या दादा-ताईंनी रोजच्या सरावाला मधल्या भावाची पेलेट बिनधास्त वापरावी, हात त्याहून जास्त हलतोय.

रायफलवाल्यांनी दोन डबे ठेवावेत, एक सरावाचा, एक मॅचचा. मॅचचा डबा निवडताना ब्रँडचं नाव ऐकून पळू नका. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ती पेलेटच्या डोक्याची साइझ. कुठली कुठल्या नळीला मानवेल हे मारून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. रायफल टेकवून कार्डाच्या कोऱ्या बाजूवर पाच-पाच शॉटचे चार-पाच ग्रुप घ्या आणि भोकं किती जवळजवळ पडली ते मोजा. त्याआधी नळी साफ आहे का आणि सिलिंडरचं प्रेशर पुरेसं आहे का ते बघा. नळी साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, ते मोजू नका. पेलेट खराब म्हणून डबा परत घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं नळीत निघतं. नळीला जुळलेला लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) मिळाला तर चार मित्रांनी मिळून घ्या. पण दोन वर्षांचा साठा नको. तोवर रायफल बदलते, कोच बदलतो, कधी कधी छंदच बदलतो.

पावसाळा

कोल्हापूरचा पाऊस शिशाला मानवत नाही. दमट कपाटात डबा उघडा राहिला की पेलेटवर पांढरी पूड धरते. झाकण घट्ट, आत सिलिका जेलची पुडी आणि डबा वरच्या फळीवर. २०१९ च्या महापुरात आमचा खालच्या फळीवरचा माल गेला, तेव्हापासून आम्ही खालच्या फळीवर फक्त टार्गेटचे रिकामे खोके ठेवतो. डबा पडला तर कडा चेपतात. त्या पेलेट्स सरावाला लावा, मॅचला नाही.

एवढं मात्र करू नका

मारलेल्या पेलेट्स सरळ करून पुन्हा भरू नका. घरी शिसं वितळवू नका, त्याची वाफ पोरांच्या अंगात जाते. ट्रॅपमधलं (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतलं) शिसं क्लबने साठवून एकत्र विकावं. आणि रेंजवर त्याच हातांनी भडंग खाऊ नका. आधी साबणाने हात धुवा.

.२२ वाल्यांसाठी

तेजस्विनी सावंत यांचं २०१० चं म्युनिकमधलं विश्वविजेतेपद, राही सरनोबत यांचं २०१८ चं एशियाडचं सुवर्ण, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचं २०२४ चं पॅरिसचं ब्राँझ, ही तिन्ही पदकं .२२ ची. म्हणून कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर नुकती पावलं टाकणाऱ्या मुलाचे आईवडीलही येऊन थेट ".२२ कधी घ्यायची?" असं विचारतात. घाई करू नका. नीलिंग (गुडघ्यावर बसून) असो की प्रोन (पालथं पडून), पोझिशनची पायाभरणी एअर रायफलवर होते आणि फार स्वस्तात होते. .२२ हाती असलेल्यांनीही पोझिशनचे तास एअरवर घालावेत, काडतुसं झीरोइंग (साइट जुळवणं) आणि मॅचच्या तयारीला राखावीत.

काडतुसं उसनी देऊ-घेऊ नका. "दोनच बॉक्स दे, पुढच्या महिन्यात देतो" हे मैत्रीत ठीक वाटतं, पण परवाना नसलेल्याच्या हाती काडतूस गेलं तर तो गुन्हा आहे. परवान्यावर जेवढी मर्यादा आहे तेवढीच खरेदी आणि प्रत्येक खरेदीची नोंद. फोनवर कुणी स्वस्तात घरपोच देतो म्हणाला तर फोन ठेवा.

आमच्याकडून

नवा भाव आला तरी जुना माल संपेपर्यंत जुन्याच भावाने देतो, काउंटरवरच्या पाटीवर तारीख लिहिलेली असते. नळीला कुठली पेलेट मानवते हे बघायला वेगवेगळ्या साइझच्या पंचवीस-पंचवीस पेलेट्सची पाकिटं केली आहेत, अख्खा डबा घ्यायची सक्ती नाही. फोडलेला डबा मात्र परत घेत नाही. येताना सरावाची वही आणि मारलेलं कार्ड घेऊन या. कार्ड बघून सांगितलेलं कार्ड न बघता सांगितल्यापेक्षा बरं असतं.