पार्श्वभूमी : रॉरी गॅलहर आणि 'आयरिश टूर '७४'

१ जानेवारी १९७४ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये एक नवं सरकार कामाला लागलं. ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणारे प्रोटेस्टंट 'युनियनिस्ट' आणि अखंड आयर्लंड हवा असलेले कॅथलिक 'राष्ट्रवादी' या पक्षांचे लोक पहिल्यांदाच एका मंत्रिमंडळात बसले होते. आदल्या महिन्यात इंग्लंडमधल्या सनिंगडेल इथे झालेल्या कराराचं ते फळ होतं. त्याच दिवसांत पंचवीस वर्षांचा एक गिटारवादक बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क या तीन शहरांत वाजवत होता आणि त्याच्या मैफली ध्वनिमुद्रित होत होत्या. मे महिन्यात, युनियनिस्ट कामगारांच्या संपापुढे ते सरकार कोसळलं. जुलैमध्ये त्या मैफलींचा दोन तबकड्यांचा संच दुकानात आला : 'आयरिश टूर '७४'.

रॉरी गॅलहर हे त्या वादकाचं नाव. (आपल्याकडे स्पेलिंग बघून 'गॅलघर' म्हणतात, पण आयर्लंडमध्ये मधला 'ग' गिळून टाकतात.) रॉकमधल्या उत्तम लाइव्ह अल्बमांची गोष्ट निघाली की हा अल्बम हमखास पुढे येतो आणि बोलणं गिटारपाशी सुरू होऊन गिटारपाशीच संपतं. मला मात्र त्यातला प्रेक्षकांचा आवाज तितकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरी कुणी येईल याची आशा सोडलेल्या माणसांचा तो आवाज आहे. तो तसा का आला, हे कळण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

रॉरीचा जन्म २ मार्च १९४८चा, डोनेगॉल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. तिथे अर्न नदीवर जलविद्युत प्रकल्पाचं काम चालू होतं आणि वडील डॅनियल वीजमंडळात कामाला होते. ते ॲकॉर्डियन वाजवत, आयरिश लोकनृत्यांना साथ करणाऱ्या 'केली' बँडमध्ये असत. आई मोनिका मूळची कॉर्कची. ती गायची, हौशी नाटकांत कामं करायची. लवकरच कुटुंब डेरीला गेलं. डेरी बॅलीशॅननपासून फार लांब नाही, पण मध्ये सीमा आहे : गाव आयर्लंड प्रजासत्ताकात, डेरी ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तरेत. पुढे आई मुलांना घेऊन थेट दक्षिणेला, माहेरी कॉर्कला आली. पोरगा दहा वर्षांचा व्हायच्या आत हा बेटभर प्रवास झाला होता. पुढे त्याला उत्तर आणि दक्षिण असा भेद करताच आला नाही, त्याचं एक कारण मला या बालपणात दिसतं.

डेरीत अमेरिकी नौदलाचा तळ होता, त्यामुळे अमेरिकी सैनिकांसाठीचं रेडिओ केंद्र तिथे ऐकू यायचं. ब्लूज हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत आणि जॅझ त्याच्या कानावर पडलं ते असं, रेडिओच्या खरखरीतून. लॉनी डॉनेगन या स्किफल (साध्या वाद्यांवरचं लोकसंगीत) गायकामुळे लेडबेली, वुडी गथ्री या अमेरिकी लोकगायकांची नावं कळली. शिकागोचा ब्लूजवाला मडी वॉटर्स नंतर रेडिओवर भेटला आणि मग काही सुटका उरली नाही. नवव्या वर्षी हातात आलेल्या गिटारवर त्याचा तोच शिक्षक, तोच विद्यार्थी.

१९६३मध्ये, पंधराव्या वर्षी, तो 'फॉन्टाना' नावाच्या शोबँडमध्ये शिरला. शोबँड म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजावणं सोपं आहे : आपल्याकडचा ऑर्केस्ट्रा. सहा-सात जणांचा ताफा, एकसारखे कोट, चालू जमान्यातली गाजलेली गाणी आणि समोर नाचायला आलेली तरणी पोरं. गावोगावच्या डान्सहॉलमध्ये रात्री चार-चार, पाच-पाच तास वाजवायचं, सामान गाडीत भरायचं, पहाटे घर गाठायचं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात आयर्लंडमध्ये नाच बंद असत; तेव्हा हे ताफे इंग्लंडमधल्या आयरिश मजुरांसाठी वाजवायला समुद्र ओलांडून जात. रॉरीला त्या गाण्यांचा कंटाळा होता, पण समोरच्या माणसाला बसू द्यायचं नाही ही शिस्त त्याला तिथेच लागली. पुढे तो अडीच-तीन तासांच्या मैफली सहज करायचा, त्याची ताकद या डान्सहॉलमधली आहे.

त्याच वर्षी कॉर्कच्या क्रॉलीज या दुकानात त्याला १९६१ची एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही विजेवरची गिटार दिसली. किंमत १०० पौंड. आयर्लंडमध्ये आलेली ती पहिलीच स्ट्रॅट, असं सांगतात. आधीच्या मालकाने लाल रंगाची मागवली होती, आली ही तांबूस-पिवळ्या छटेची, म्हणून त्याने ती विकायला काढली. पंधरा वर्षांच्या मुलाला शंभर पौंड म्हणजे डोंगर. हप्त्यांनी घेतली. तिने त्याची जन्मभर साथ केली. पुढे एकदा डब्लिनमध्ये ती गाडीतून चोरीला गेली, पोलिसांच्या टीव्ही कार्यक्रमात तिचा उल्लेख झाला आणि ती टाकून दिलेली सापडली. त्याच्या घामाने तिचा रंग उडत गेला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. 'आयरिश टूर'मध्ये ऐकू येते ती हीच.

१९६६मध्ये कॉर्कमध्ये त्याने 'टेस्ट' हे त्रिकूट उभं केलं आणि मुक्काम हलवला तो बेलफास्टला. तेव्हा बेलफास्टचं मॅरिटाइम हॉटेल ब्लूजचं माहेरघर होतं. व्हॅन मॉरिसनचा 'देम' हा बँड तिथूनच वर आलेला. १९६८मध्ये टेस्टमध्ये बेसवर रिचर्ड मॅक्रॅकन आणि ड्रमवर जॉन विल्सन हे उत्तरेतले दोघे आले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एरिक क्लॅप्टनच्या 'क्रीम' या बँडच्या निरोपाच्या मैफलीत टेस्ट आधी वाजली, १९६९मध्ये 'ब्लाइंड फेथ'बरोबर अमेरिकेत फिरली आणि ऑगस्ट १९७०मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात लाखोंच्या समुदायाने तिला पुन्हा पुन्हा बोलावलं. आणि त्याच वर्षअखेरीस बँड फुटला. पैशांवरून, कारभारावरून झालेली ती कटू फाटाफूट होती. त्यानंतर रॉरीने आपलं व्यवस्थापन धाकटा भाऊ डोनल याच्याकडे दिलं. सिंगल (एकट्या गाण्याची छोटी तबकडी) काढायलाही तो तयार नसे. रेडिओवर साडेतीन मिनिटांत कापलेलं गाणं म्हणजे आपलं संगीत नव्हे, या मतावरून तो हलला नाही.

१९७१पासून तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. बेसवर बेलफास्टचा जेरी मॅकव्हॉय, जो पुढे वीस वर्षं टिकला. ज्या मडी वॉटर्सला रेडिओवर ऐकून तो घडला, त्याच्या लंडनमधल्या मुद्रणात त्याला वाजवायला मिळालं. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाच्या वाचकांनी याच सुमारास त्याला गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या वर नेऊन बसवलं. १९७३मध्ये 'ब्लूप्रिंट' आणि 'टॅटू' असे दोन अल्बम आले. ड्रमवर वेल्सचा रॉड डीॲथ आणि पियानोवर बेलफास्टमध्ये जन्मलेला लू मार्टिन. या चौघांचा मेळ जमला आणि ते घरी वाजवायला निघाले.

पण घर कसलं उरलं होतं? ज्या डेरीत तो लहानपणी राहिला, तिथे ३० जानेवारी १९७२ला ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, तेरा माणसं तिथेच मेली. त्या वर्षीच्या २१ जुलैला बेलफास्टमध्ये तासाभरात आयआरए या अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने वीसएक बॉम्ब उडवले. एका १९७२ सालात उत्तर आयर्लंडमध्ये पावणेपाचशेहून अधिक जीव गेले. बाहेरचे बँड येईनासे झाले. मार्च १९७१मध्ये लेड झेपेलिनने 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं ते बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये, यावर आज विश्वास बसत नाही; त्यानंतर वर्षभरात शहराचं रात्रीचं जगणंच थांबलं. रॉरी मात्र येत राहिला. दर वर्षी, बहुधा नाताळ आणि नव्या वर्षाच्या दिवसांत. त्याने भाषणं केली नाहीत, घोषणा दिल्या नाहीत, गाण्यांतून कुणाची बाजू घेतली नाही. अल्स्टर हॉलमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही वस्त्यांतली पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहत.

'आयरिश टूर'चे तिन्ही हॉल लक्षात घ्यावेत असे आहेत. अल्स्टर हॉल १८६२चा, युनियनिस्टांच्या मोठमोठ्या सभा पाहिलेला. डब्लिनचा कार्लटन हा ओकॉनेल स्ट्रीटवरचा सिनेमा. आणि कॉर्कचा सिटी हॉल : डिसेंबर १९२०मध्ये ब्रिटिश दलांनी शहर पेटवलं तेव्हा जुना सिटी हॉल जळाला, हा नवा १९३६ला उघडला. एकमेकांशी भांडणारे तीन इतिहास, आणि तिन्ही ठिकाणी तीच गाणी, तोच चौकड्यांचा शर्ट, तीच रंग उडालेली गिटार.

कॉर्कला मुद्रणासाठी इंग्लिश संगीतकार रॉनी लेनचा फिरता स्टुडिओ आणला होता, एका अमेरिकी कॅरव्हॅनमध्ये बसवलेला. टोनी पामर यांचं चित्रपट-पथकही बरोबर होतं. अल्बमची सुरुवात 'क्रेडल रॉक'ने होते आणि पहिल्याच मिनिटात कळतं की स्टुडिओतल्या 'टॅटू'मध्ये हे गाणं नुसतं उतरवून ठेवलेलं होतं, जिवंत इथे झालं. 'टू मच अल्कोहोल' हे जे. बी. हटो या शिकागोच्या ब्लूजवाल्याचं गाणं. त्यात गर्दी त्याच्याबरोबर गाते. टोनी जो व्हाइटचं 'ॲज द क्रो फ्लाइज' येतं तेव्हा बँड थांबतो, फक्त धातूच्या पोटाची नॅशनल गिटार आणि माउथऑर्गन. हजारोंच्या हॉलमध्ये एकटा माणूस ओसरीवर बसून वाजवावं तसं वाजवतो.

आणि 'अ मिलियन माइल्स अवे'. भरलेल्या बारमध्ये एकटा पडलेला माणूस, एवढाच विषय. नऊ-साडेनऊ मिनिटं. गिटार हळूहळू चढत नाही, लाटेसारखी येते आणि मागे सरते. रॉरी आवाजाची कळ फिरवून सूर जवळजवळ विझवतो, हॉल श्वास रोखून धरतो आणि मग तो सूर परत येतो. या माणसाचं एकच ध्वनिमुद्रण ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन. शेवटच्या बाजूवर मैफलीनंतरची बैठक आहे, 'आफ्टर अवर्स' : ती ऐकताना कळतं की या चौघांना वाजवायला प्रेक्षकही लागत नव्हते.

मुद्रण आणि प्रकाशन यांच्यामधल्या सहा महिन्यांत सरकार गेलं आणि १७ मेला डब्लिन आणि मोनहन इथे बॉम्ब फुटून तीसहून अधिक माणसं मेली. ३१ जुलै १९७५च्या पहाटे 'मायामी शोबँड'ची गाडी उत्तरेतून डब्लिनला परतताना खोट्या लष्करी नाक्यावर अडवली गेली आणि तीन वादकांना मारण्यात आलं. रॉरी पंधराव्या वर्षी ज्या पेशात शिरला, ज्या रात्रीच्या रस्त्यांवर वाढला, तिथेच हे झालं. त्यानंतर बेलफास्टला कोण येणार? रॉरी आला.

पुढची कारकीर्द थोडक्यात. जानेवारी १९७५मध्ये रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावलं. त्यांच्याबरोबर वाजवून तो ठरलेल्या जपान दौऱ्यासाठी निघून गेला. 'कॉलिंग कार्ड', 'टॉप प्रायॉरिटी', शेवटी १९९०चा 'फ्रेश एव्हिडन्स'. ऐंशीच्या दशकात फॅशन बदलली, तब्येत ढासळली. १४ जून १९९५ला, यकृत-प्रत्यारोपणानंतर झालेल्या संसर्गाने तो लंडनच्या रुग्णालयात वारला. वय ४७. दफन कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला.

ऑक्टोबर २०२४मध्ये ती स्ट्रॅट लंडनच्या लिलावात करांसह ८ लाख ८९ हजार पौंडांना गेली आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. जानेवारी २०२५मध्ये बेलफास्टच्या बेडफर्ड स्ट्रीटवर त्याचा ब्राँझचा पुतळा बसला, अल्स्टर हॉलच्या दाराबाहेर.