पांढरीची घरं

तिन्हीसांजेला घरात कोणी अभद्र बोललं की म्हातारं माणूस त्याला तिथंच गप्प करतं. वास्तू 'तथास्तु' म्हणते! घर ऐकतं, ही समजूत पश्चिमेच्या वऱ्हाडापासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत सगळीकडे आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त देवांनी दाबून धरलेला वास्तुपुरुष येतो, आणि वास्तुशांतीत आजही त्यालाच शांत करतात. तरी विदर्भातल्या खेड्याचं घराशी नातं पोथीपेक्षा मातीनं जास्त घडवलं, असं मला वाटतं.

इथं शेत म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी. कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला ती काही कामाची नाही. पांढरी मात्र जागची हलत नाही. ही पांढरी साठली ती माणसांच्या राबत्यानं: पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, गोठ्याचं शेण. विदर्भातल्याच कौंडिण्यपूर, पवनारसारख्या ठिकाणी उत्खननात जुन्या वस्त्यांचे असे थरावर थर निघाले. म्हणजे पणजोबाचं पडलेलं घर खणायचं आणि त्याच मातीत नातवाच्या भिंती उठवायच्या. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्या, म्हणजे मातीचे जुने किल्लेवजा वाडे, लोकांनी याच मातीपायी पोखरल्या. इतिहासाचं नुकसान झालं खरं, पण ती रीत गढ्यांपेक्षा जुनी.

वऱ्हाडात धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर: सागाच्या बल्ल्या, वर काड्या-पाला आणि पांढरीचा जाड थर. भंडारा-गोंदियाकडे पाऊस जास्त, म्हणून उतरतं छप्पर, कवेलू म्हणजे कौलं, आणि बांबूच्या कुडाच्या भिंती. दोन्हीकडे घराला दरसाल हात लावावाच लागे. मिरगाआधी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, धाब्यावर नवी माती टाका, कवेलू फेरा. दिवाळीआधी भिंती पोता. आणि सारवण तर बारमाही. यातलं निम्म्याहून जास्त काम बायांच्या अंगावर. मातीच्या घराबद्दल हळवं होणाऱ्यांना याची सहसा आठवण नसते.

1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथल्या कुट्या माती-बांबूच्या, आसपासच्या सामानातून उभ्या केलेल्या. आजची बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननं स्वतःसाठी बांधली होती.

पुढं वानरांनी कवेलू फोडून फोडून लोकांना जेरीस आणलं आणि टिनं आली. मग सरकारी घरकुल योजना: 1985 पासून इंदिरा आवास, 2016 पासून प्रधानमंत्री आवास. 2016 च्या योजनेत सपाट भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा ठरली. सिमेंटच्या घराला मिरगाआधी कोणी हात लावत नाही. चौकटीची पूजा मात्र तशीच होते. जागा असली तर लोक जुनं घर पाडत नाहीत. घरकुल समोर बांधतात आणि मागच्या मातीच्या घरात कापूस भरतात, ढोरं बांधतात, मे महिन्याच्या दुपारी झोपायलाही तिथंच जातात.