व्हिएन्ना, मुंबई, कॅम्डेन: एका नृत्यशिक्षिकेची वाट

व्हीलचेअरवरची नर्तकी, डाऊन सिंड्रोम असलेला तरुण आणि वर्षानुवर्षं रियाज केलेला व्यावसायिक नर्तक एकाच रंगमंचावर एकत्र नाचताना दिसले, की त्याला हल्ली ‘सर्वसमावेशक नृत्य’ म्हणतात. शब्द जरा सरकारी परिपत्रकातला वाटतो, पण दुसरा रुळलेला नाही. या प्रकाराचा इतिहास बहुतेक वेळा १९९१ पासून सांगतात. त्या वर्षी सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी लंडनमध्ये ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था काढली. डँडेकर १९७३ साली मँचेस्टरला प्रयोग चालू असताना पडल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि पुढे त्या व्हीलचेअरवरून रंगमंचावर परतल्या. कँडोकोचं महत्त्व मोठं आहेच. पण धागा त्याच्याही बराच मागे जातो, आणि हिल्डे होल्गर या नृत्यशिक्षिकेमुळे मधली जवळजवळ दहा वर्षं तो मुंबईतून जातो. हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नाही.

हिल्डे होल्गर यांचा जन्म १९०५ चा, व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातला. तिथे आधुनिक नृत्य शिकवणाऱ्या गेरट्रूड बोडेनवीझर यांच्या त्या शिष्या. बॅलेचे ठरलेले पवित्रे बाजूला ठेवून आतल्या भावनेतून हालचाल शोधायची, अशी त्या नव्या नृत्याची रीत होती. विशी ओलांडते न ओलांडते तोच, १९२६ मध्ये, त्यांनी स्वतःची शाळा काढली. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. बोडेनवीझर ऑस्ट्रेलियाला पोचल्या, होल्गर १९३९ मध्ये मुंबईला. मागे राहिलेली आई आणि बहीण नाझींच्या संहारात गेल्या.

मुंबईत त्यांनी डॉ. आदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी लग्न केलं आणि पुन्हा शाळा उघडली. कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला तिथे दार उघडं होतं. ज्यू म्हणून ज्यांना दार लावून घेतलं गेलं, त्या बाईंनी हा नियम किती मनापासून पाळला असेल! उदय शंकर, रुक्मिणीदेवी, राम गोपाल या भारतीय नर्तकांशी परिचय झाला आणि हस्तमुद्रांचा ठसा त्यांच्या कामावर कायमचा उमटला. याच काळात युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेल्या चित्रकार लँगहॅमर, कलासंग्राहक श्लेसिंगर या मंडळींनी आरा, हुसेन वगैरे चित्रकारांना हात दिला, ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. नृत्यातल्या या पाहुणीला मात्र आपण विसरलो.

फाळणीचा हिंसाचार पाहून १९४८ मध्ये कुटुंब लंडनला गेलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, डारियस. त्याला डाऊन सिंड्रोम होता. अशा मुलांना संस्थेत ठेवून मोकळं व्हायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. होल्गर यांनी त्याला नाच शिकवायला घेतलं. लंडनच्या कॅम्डेन भागातल्या घराच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथूनच सगळ्यांनी एकत्र नाचण्याची ही पद्धत आकाराला आली. साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सॅडलर्स वेल्ससारख्या नामांकित नाट्यगृहात त्यांनी नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांच्या संगीतावर एक रचना सादर केली. त्यात बौद्धिक अक्षमता असलेली तरुण मुलं व्यावसायिक नर्तकांसोबत नाचली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तो संस्थेच्या स्नेहसंमेलनातला कार्यक्रम नव्हता. जागा नृत्याची होती आणि ओळखही नृत्य म्हणूनच होती.

असे वर्ग आज कसे चालतात ते पाहिलं, की ही परंपरा नीट कळते. शिक्षक ‘उभे राहा’ म्हणत नाही, ‘उंच व्हा’ म्हणतो. मग कुणी टाचा उचलतं, खुर्चीतलं कुणी पाठीचा कणा ताणतं, कुणाची फक्त हनुवटी वर जाते. एक-दोन-तीन-चार मोजण्याऐवजी शेजाऱ्याच्या श्वासावर किंवा स्पर्शावर सुरुवात ठरते. अर्थात, यातही तालीम लागते आणि चुका पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात.

होल्गर यांचे विद्यार्थी वोल्फगांग श्टांग यांनी १९८० मध्ये ‘अ‍ॅमिची’ हा नृत्यनाट्य संच उभा केला. अंध, अपंग, बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले, सगळे त्यात एकत्र. १९९६ मध्ये या संचाने गुरूच्या आयुष्यावरच ‘हिल्डे’ हा प्रयोग बसवला. तेव्हा बाई नव्वदीच्या होत्या. दोन वर्षांनी तो प्रयोग व्हिएन्नात झाला. २००१ मध्ये होल्गर लंडनमध्ये वारल्या.